जागा विचारायला

पडद्यांचा कारखाना बंद झाला त्या दिवशी मुख्य कापणाऱ्याने आपली कात्री घरी नेली. नेण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. एकोणीस वर्षं तो लोकांच्या खिडक्या झाकत आला होता. मंदी आली आणि लोकांनी सगळ्यांत आधी पडदे घेणं सोडलं. ऊन काय, जुन्या पडद्यानेही अडतं.

अकराव्या दिवशी तो बदलीची माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या बाकावर जाऊन बसला.

एजन्सी म्हणजे एक लांबट खोली. दोन बाक, एक काउंटर. काउंटरमागे एक बाई, तिच्या कानाला कायम फोन. तिला सगळे फोनवाली म्हणायचे. सकाळी सहाला शटर वर जायचं आणि वाट बघणं सुरू व्हायचं. शहरात कुठेतरी कोणाला ताप यायचा, कोणाचा पाय मुरगळायचा, कोणाची बाई बाळंत व्हायची, की फोन वाजायचा. मग फोनवाली बाकाकडे बघून बोट दाखवायची. ज्याच्यावर बोट येईल त्याचा तो दिवस.

बाकावर नावं चालत नसत. जे काम गेलं तेच नाव. एक बँकवाला होता, एक शाळावाली होती. हा पडदेवाला झाला.

"आज पेपरात साथीबिथीचं काही आलंय का हो?" बँकवाला रोज विचारायचा. "डेंग्यू नाही, निदान खोकला तरी?"

सगळे हसायचे. पडदेवालाही हसायचा. चार दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की पेपर हातात आला की आपणही तेच शोधतो.

काम मात्र पटकन मिळालं. रडत बसायला वेळच झाला नाही. एक दिवस बुटांच्या दुकानाबाहेर सेलची पाटी धरून उभा राहिला. तीन दिवस गोदामात स्क्रूच्या पेट्या या मांडणीवरून त्या मांडणीवर लावल्या. एका सभागृहात सहाशे खुर्च्यांखालचं च्युइंग गम खरवडलं. गाद्यांच्या दुकानासाठी गादीचं सोंग चढवून चौकात हात हलवले. सोंगाला डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती. त्या भोकांतून त्याला आपली मुलगी दिसली. शाळा सुटली होती, बरोबर मैत्रिणी होत्या. मैत्रिणी गादीकडे बघून खिदळल्या. मुलीची नजर खाली गेली. सोंगाखालून त्याचे बूट दिसत होते. डाव्या बुटाला त्याने निळी नाडी लावली होती, ती तिचीच होती. ती न थांबता पुढे गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या बुटाला काळी नाडी होती.

अडचण पोटाची नव्हती. पोट भरत होतं. अडचण खोलीची होती.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. करार संपायला दोन महिने उरले तेव्हा ती स्वतः जिना चढून वर आली. दारातच उभी राहिली.

"माझं तुमच्याशी काही वाकडं नाही," ती म्हणाली. "भांडत नाही, पाणी सांडत नाही, सोन्यासारखी माणसं. पण आज इथे आणि उद्या तिथे, अशा माणसाला खोली देऊन मी दोनदा तोंडघशी पडलेय. कायम नोकरीचा कागद दाखवा, लगेच सही करते."

"काम तर रोज करतोय ना मावशी," पडदेवाला म्हणाला.

"गाढवही रोज करतं. त्याला कोणी कागद देत नाही." मग तिलाच जड वाटलं असावं. "थांबते मी. करार आहे तोवर थांबते. पण दोघं जण विचारून गेलेत."

ती गेल्यावर बायकोने दार लावलं. तिने शहरातल्या खोल्यांची चौकशी आधीच करून ठेवली होती. कागदाशिवाय कोणी दारात उभं करत नव्हतं. उरलं होतं तिच्या भावाचं घर. तिथे तिघांना मिळून एक गॅलरी मिळणार होती आणि भावजयीचं तोंड.

"कागदाचं बघा," ती म्हणाली. त्यानंतर दोन महिने ती दुसरं फारसं काही बोलली नाही.

आठवडाभराने फोनवालीचं बोट त्याच्यावर आलं.

"पडदेवाले, कपड्यात हात बसलेला आहे ना तुमचा? धुलाईच्या कारखान्यात तीन आठवडे. रोलरवरच्या म्हाताऱ्याची कंबर धरलीय. आज संध्याकाळी जागा विचारून या."

जागा विचारणं हा बदलीवाल्यांचा रिवाज होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. ज्याच्या जागी उभं राहायचं त्याच्या घरी आदल्या संध्याकाळी जायचं. 'जागा कशी आहे?' एवढंच विचारायचं. मग त्याने सगळं सांगायचं. मशीन कुठे अडतं, साहेब कधी चिडतो, कोणत्या नळाला पाणी असतं. काही लपवायचं नाही आणि खोटं तर मुळीच सांगायचं नाही. निघताना तो आपला एप्रन द्यायचा. बरा झाला की बदलीवाल्याने एप्रन धुऊन परत करायचा आणि त्याबरोबर जागाही.

म्हातारा पाठीखाली फळी घालून पडला होता. साठीला टेकलेला, हाडापेराने मजबूत, बोलायला मोकळा. पडदेवाला त्याला काका म्हणाला, तशी म्हाताऱ्याची बायको चहा टाकायला उठली.

"जागा कशी आहे, काका?"

"जागा गरम आहे," काका म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसताना कंबर धरून कळवळले. "हॉटेलांच्या उशांचे अभ्रे. ओले येतात, रोलरखालून कडक होऊन जातात. तू फक्त सरळ घालायचे. रोलरच्या तोंडाशी एक लाल दांडी आहे. तिला जीव लाव. हात चुकून पुढे गेला की दांडी दबते आणि रोलर जागच्या जागी थांबतो. मी तर मनगटं तिच्यावरच टेकवून उभा असतो. सव्वीस वर्षं. माझी दहाच्या दहा बोटं आहेत ती तिच्यामुळे."

त्यांनी दहाही बोटं हलवून दाखवली.

"आणि आकडा?"

"पाळीला अठराशे." काका जरा थांबले. "हे बघ, एक मागणं आहे. अठराशेच्या पुढे जाऊ नकोस. जाता येतं. पण तू गेलास की मला परत येता येणार नाही. कळतंय ना?"

"नाही जाणार काका."

"तुझ्या तोंडावरूनच कळतंय, सरळ माणूस आहेस," काकू चहा देत म्हणाल्या. एप्रन खिळ्याला होता. त्यांनी तो काढून घडी करून दिला. खिशाला आतून दुसरं अस्तर लावलेलं होतं, हाताने, बारीक टाक्यांत. पडदेवाल्याने सवयीने टाके बघितले. चांगले होते.

पहिला आठवडा त्याने शब्द पाळला. अठराशे झाले की तो हात धुवायचा. दांडी मात्र त्याला सतावत होती. काकांना तिच्यावर रेलायची सवय होती. त्याला नव्हती. जरा बोट लागलं की रोलर थांबायचा. मग मागे जाऊन खटका दाबायचा, रोलर पुन्हा तापेपर्यंत उभं राहायचं. दिवसातून साठ-सत्तर वेळा.

दुसऱ्या आठवड्यात सुपरवायझर त्याच्यामागे येऊन उभा राहिला. तरुण होता. बोलताना तो माणसाकडे बघायचा नाही, मशीनच्या आकड्याकडे बघायचा.

"तुमचा हात म्हाताऱ्यापेक्षा हलका आहे," तो म्हणाला. "वरून सांगितलंय, या रोलरवर बावीसशे निघाले तर एक माणूस कायम करायचा. कोण ते मला काय, मला आकड्याशी मतलब."

"कायम म्हणजे कागद मिळतो?"

"कागदाशिवाय कायम कसं होईल?"

त्या दिवशी पडदेवाल्याने घरी जुन्या पिशवीतून पडदा बांधायची एक पट्टी काढली. मळकट रंगाची, रोलरच्या टेबलाच्या पायासारखीच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो बूट बांधायच्या निमित्ताने खाली वाकला. लाल दांडीचा खालचा गज त्याने टेबलाच्या पायाला बांधून टाकला. पडद्याला मारतात ती चपटी गाठ मारली. ती ओढल्याशिवाय सुटत नाही आणि शोधल्याशिवाय दिसत नाही. आता दांडी होती तिथेच होती, लालच होती. फक्त दबत नव्हती.

त्या दिवशी आकडा एकवीसशे साठ झाला. दुसऱ्या दिवशी बावीसशे दहा.

शेजारच्या रोलरवर एक बाई होत्या, तिथल्या जुन्या. चौथ्या दिवशी त्या हात पुसत त्याच्याजवळ आल्या.

"आमचाही आकडा वाढवला हो आज. तुमच्याकडे बोट दाखवून," त्या म्हणाल्या. "घरी लेकरं आहेत ना तुमच्या? असतीलच. मग एवढे शाप कोणाच्या नावावर गोळा करताय?"

त्याने पुढचा अभ्रा रोलरला लावला. दोन-तीन आठवड्यांनी त्या बाई दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी बाकावरची शाळावाली आली. ती अभ्रे घालताना पुटपुटायची, पाढे म्हटल्यासारखी.

काका तीन आठवड्यांनी कामावर आले ते सरळ ऑफिसात. पडदेवाल्याला काचेतून त्यांची पाठ दिसली. काका टोपी हातात धरून उभे होते. पाच मिनिटांनी ते बाहेर पडले, रोलरकडे न येता फाटकाकडे गेले. चालताना ते एका बाजूला झुकत होते. एप्रन मागायलाही आले नाहीत.

"मंदी आहे म्हणून सांगितलं," सुपरवायझर आकड्याकडे बघत म्हणाला. "तुम्ही चालू ठेवा. कागदाचं महिनाअखेरीला. तोवर एजन्सीकडूनच."

महिनाअखेर म्हणजे कराराचाही शेवट. पडदेवाल्याने बायकोला सांगितलं. तिने त्या रात्री पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

अकरा दिवस उरले असताना त्याचा उजवा हात रोलरखाली गेला.

चूक अगदी साधी होती. अभ्रा दुमडला, तो सरळ करायला बोटं पुढे गेली, आणि जिथे दांडी दबायला हवी होती तिथे काहीच झालं नाही. त्याने हात हिसकून काढला. तीन बोटांची कातडी अभ्र्यावर राहिली. शाळावाली पाढा अर्धवट सोडून ओरडली. पडदेवाला ओरडला नाही. त्याने आधी खाली बघितलं, गाठ दिसतेय का.

"कसं झालं?" सुपरवायझरने विचारलं.

"माझीच चूक. घाम पुसायला गेलो आणि तोल गेला."

"लिहून द्या तसं."

त्याने डाव्या हाताने लिहून दिलं. डॉक्टरने बोटं बांधली. आठ दिवस पाण्यात घालायची नाहीत, उष्णता तर नकोच, म्हणाला. दुपारी फोनवालीचा फोन आला.

"चिंता करू नका, जागा भरली. एक जुना माणूस आलाय बाकावर गेल्या आठवड्यापासून, त्याला रोलर येतो. संध्याकाळी येईल तो तुमच्याकडे, जागा विचारायला." ती थोडी थांबली. "साहेब म्हणाले, आकडा जो टिकवेल त्याचं नाव वर जाईल. तेव्हा तुम्ही बरे व्हा लवकर."

काका आले तेव्हा उजेड होता. जिना चढून त्यांना धाप लागली होती. बायकोने खुर्ची दिली, मुलीने पाणी आणलं.

"तुझंच घर आहे होय," काका म्हणाले. "मला फोनवालीने नुसता पत्ता दिला. वर येईपर्यंत वाटत होतं, माझ्या जागी एव्हाना दुसरंच कोणी असेल. म्हटलं, बरं झालं, ओळखीचा निघाला." ते खोलीभर बघत होते. खिडकीला चांगले पडदे होते. "हात दाखव. अरेरे. चांगलाच भाजलाय की."

"होईल बरा."

"होईल. तर मग," काका खुर्चीत सरळ बसले, रिवाजाला बसतात तसे. "जागा कशी आहे?"

पडदेवाला हसला. काकाही हसले.

"माझीच जागा मी तुला विचारतोय. काकू म्हणाली, जाऊ नका, माणसं हसतील. म्हटलं, हसू दे. रिवाज तो रिवाज. आकडा किती आहे आता?"

"बावीसशे."

काकांनी ओठ मिटून मान हलवली. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. पडदेवाल्याला वाटलं, आता शिव्या येणार. पण काकांनी नुसता सुस्कारा सोडला.

"पोटासाठी केलंस. मीही तरुण असतो तर केलं असतं. राग नाही. होता, आठ दिवस. मग बाकावर बसलो आणि गेला. बाकावर बसलं की कळतं." ते पुढे झुकले. "पण बावीसशे कसे काढायचे रे? माझी कंबर अजून सरळ नाही. मला आता दांडीचाच आधार. सगळा भार तिच्यावर टाकून उभा राहीन, तर कदाचित जमेल. दांडी नीट दबते ना?"

मुलगी रिकामा पेला न्यायला आली होती. ती थांबली. बायको पडद्याजवळ उभी होती.

"दबते," पडदेवाला म्हणाला.

"मग तुझा हात कसा गेला?"

"रोलरला नाही लागला. मागच्या वाफेच्या नळीला लागला. खटका दाबायला गेलो होतो."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. डॉक्टरचा कागद तिनेच वाचला होता.

"हां, ती नळी वाईटच," काका म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. "मी पूर्वी सकाळी गेल्या गेल्या दांडी दाबून बघायचो, मगच सुरू करायचो. आता बावीसशे म्हटल्यावर तेवढा वेळही नाही. तू सांगितलंस, झालं. तेवढीच दोन मिनिटं वाचतील."

ते निघाले. दारात थबकले.

"एप्रन?"

बायकोने आतून एप्रन आणला. काकांनी तो उलटून खिशाचं अस्तर बघितलं आणि खूश झाले. "सांभाळलास की."

ते जिना उतरू लागले. एक एक पायरी ऐकू येत होती.

"मला तर रोलर म्हणाला होतात," बायको म्हणाली.

"हो."

"मग त्यांना असं का..." तिने वाक्य सोडून दिलं. मुलगी पेला घेऊन उभीच होती. बायको तिला म्हणाली, "जा, अभ्यासाला बस." मग ती खुर्ची जागेवर ठेवायला वळली. पाठमोरीच म्हणाली, "अकरा दिवस राहिलेत ना?"

"अकरा."

तिने खुर्ची भिंतीला टेकवली.

सकाळी सातला पाळी सुरू व्हायची. पडदेवाला साडेसहालाच उठून खिडकीशी उभा होता. पावणेसातला त्याने डाव्या हाताने एजन्सीला फोन लावला. लाइन लागत नव्हती. पुन्हा लावायला त्याने बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. सातला त्याने फोन खाली ठेवला. साडेसातला काकांचे शंभर झाले असतील, त्याने हिशेब केला. आठला दोनशे. काका पहिल्या तासात दमत नाहीत. दुसऱ्यात दमतात. मग भार टाकतात.

फोन नऊ वाजून वीस मिनिटांनी आला.

"पडदेवाले, बोटं हलतात का?" फोनवाली म्हणाली. मागे बाकावरचा गलका ऐकू येत होता.

"हलतात."

"मग उद्यापासून या. जागा रिकामी झाली. साहेब म्हणाले, म्हाताऱ्याची कंबर गेली आणि तोल गेला. मशीन ठीक आहे." तिने कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि एप्रन नाहीये तिथे. तो त्यांच्या अंगावरच गेला दवाखान्यात. तेवढं तुमचं तुम्ही बघा."

त्याने फोन ठेवला. बायको दारात उभी होती. संध्याकाळी तो बूट घालायला लागला तेव्हा मुलगी म्हणाली, "कुठे चाललात, बाबा?"

"जागा विचारायला."

दवाखान्याच्या लांब खोलीत काका शेवटच्या खाटेवर होते. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, उशांवर ठेवलेले. उशांचे अभ्रे कडक इस्त्रीचे होते. काकू स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलं आणि उठून बाहेर गेल्या.

तो खाटेच्या पायाशी उभा राहिला. विचारावं लागणार होतं. रिवाज तो रिवाज.

"जागा कशी आहे, काका?"

काका छताकडे बघत होते. औषधाने त्यांची जीभ जड झाली होती. पण त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता, सावकाश.

"दांडी दबत नाही. खालून बांधलीय. हात अडकले तेव्हा मी गुडघ्यावर आलो, तेव्हा दिसली. पट्टी आहे. आधी ती सोड." ते थांबले. "गाठ चांगली आहे. पडद्याला मारतात तशी."

पडदेवाल्याने मान हलवली.

"एप्रन खाटेखाली आहे," काका म्हणाले. "धुतलेला नाही."

त्याने वाकून एप्रन काढला. त्याची घडी घातली, अस्तर आत, आणि बगलेत धरून तो निघाला. काकू बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. तो त्यांच्यासमोरून गेला.

दुसऱ्या दिवशी सातला पाच मिनिटं असताना तो रोलरपाशी होता. शाळावाली अजून आली नव्हती. बूट बांधायच्या निमित्ताने तो वाकला. डावा हात टेबलाखाली गेला. गाठ हाताला लागली, होती तशीच, घट्ट. कोणीही खाली वाकून बघितलं नव्हतं.

एक ओढ पुरली असती. दांडी सुटली असती आणि आकडा अठराशेवर आला असता.

नऊ दिवस राहिले होते. त्याने हात बाहेर काढला आणि पहिला अभ्रा उचलला.